ह्यात मायाच न्हाई

प्रश्न : आमच्या लग्नाला यंदा पंचवीस वर्षं होतात, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत टूर कंपनीबरोबर व्हिएतनामला निघालोय. सात रात्री, त्यातल्या दा नांगला दोन. तिथून होई आन गाव जवळ आहे आणि तिथं म्हणे एका दिवसात सूट शिवून मिळतो, तोही स्वस्तात. आमचे हे तरुणपणी तालमीत होते. मान अठरा इंच, छाती अठ्ठेचाळीस. रेडिमेड शर्ट मानेला बसला तर पोटावर तंबू होतो. पुढं मार्गशीर्षात पुतण्याचं लग्न आहे. त्यासाठी ह्यांना सूट, मला पैठणीवरचे दोन ब्लाऊज आणि जर्मनीला शिकायला निघालेल्या मुलीला लाँग कोट, असं सगळं तिथंच उरकावं असं डोक्यात आहे. पण ह्यांचे कपडे सत्तावीस वर्षं एकाच टेलरकडं असतात. ते सूटची शिलाई साडेसहा हजार सांगतात, कापड वेगळं. त्यांना कळलं तर राग येईल का? आणि तिथं आम्ही फसणार तर नाही ना?
पैलवानांच्या घरातून, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर :

ताई, "पोटावर तंबू" वाचून हसू आलं. आमच्या घरी पैलवान कुणी नाही, तंबू मात्र आहे.

उत्तर आधी सांगून टाकते, कारणं मागाहून. पैलवानांचा लग्नातला सूट तिथं शिवू नका. ब्लाऊज तर मुळीच नको. मुलीचा कोट जर्मनीत घ्या. एवढं सगळं नको म्हटल्यावर जे उरतं ते मात्र हौसेनं करा : ह्यांना बिनअस्तराचं एक लिननचं जाकीट, वाटलं तर त्यावर एखादी पँट, आणि तुम्हाला एक आओ झाय, म्हणजे तिथल्या बायकांचा लांब अंगरखा.

माझं मत इतकं कडक व्हायला एक निळा ब्लेझर कारणीभूत आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही बँकॉकला गेलो होतो. हॉटेलपासून चार पावलांवर टेलरचं दुकान आणि दाराशी झकास हिंदी बोलणारा माणूस. चार दिवस इंग्रजीची कसरत केल्यावर कुणी "आइए भाभीजी" म्हटलं की आपण विरघळतोच. आत गेलो, थंड पाण्याच्या बाटल्या आल्या. भिंतीवर पाटी होती : दोन सूट, दोन शर्ट, दोन टाय, चोवीस तास. आम्ही एकच ब्लेझर सांगितला. रात्री आठला माप, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्रायल. ट्रायल म्हणजे काय, तर अस्तर, काजं-बटणं सगळं होऊन प्रेस मारलेला ब्लेझर ह्यांच्या अंगावर चढवला आणि आरसा दाखवला. पाठीवर आडवी चुणी पडत होती. मी बोट दाखवलं, तर त्यानं मागून कापड चिमटीत धरलं आणि चुणी गायब. आम्ही खूश. चिमटी सुटली ती पैसे मोजून झाल्यावर.

गडहिंग्लजच्या एका लग्नात तो मिरवला. दोनदा ड्रायक्लीनिंगला गेला. पुढच्या खेपेला कपाटातून काढला तर छातीवर फुगे. भाकरीला पापुद्रा सुटतो ना, तसे. लक्ष्मीपुरीतल्या आमच्या टेलरकडं घेऊन गेले. म्हटलं, फुग्यांचं जाऊ दे, निदान पोटात थोडा सैल करून द्या. त्यांनी ब्लेझर टेबलावर उलटा टाकला, ब्लेडनं अस्तराची टीप वीतभर उसवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि बाजूची शिवण उजेडाकडं धरली. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "वैनी, ह्यात मायाच न्हाई. उसवू काय आन् सोडू काय?"

माया म्हणजे शिवणीच्या आत टेलर राखून ठेवतो ते जादा कापड. हा शब्द माझ्या कानात फार जुना आहे. शाळेचा फ्रॉक शिवायला टाकून दुकानाची पायरी उतरता उतरता आई मागं वळून ओरडायची, "माया सोडा हो, पोरगी वाढतीय." चांगल्या कोटाला पाठीच्या मधल्या शिवणीत आणि दोन्ही बाजूंना इंच-इंच तरी माया असते. माणूस सुटला की तेवढी सोडायची. आमच्या ब्लेझरला पाव इंचसुद्धा नव्हती. ज्यानं शिवला त्याला ठाऊक होतं, हा माणूस परत आपल्या दुकानात येत नाही.

तुमच्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी माझ्या मते हेच आहे. कपडा होई आनला शिवा नाहीतर हाँगकाँगला, दोन वर्षांनी तो उसवायला येणार मंगळवार पेठेतल्या टेबलावरच. त्यामुळं तिथं काय शिवायचं हे ठरवताना "मला हे शोभेल का" याच्याबरोबर "आमच्या टेलरला हे उघडता येईल का" हेही विचारायचं.

आता स्वस्ताईचं बघू. होई आनमध्ये साधा सूट शंभर-सव्वाशे डॉलरच्या आसपास सुरू होतो; कापड बरं आणि आतलं काम नीट म्हटलं की तीनशेच्या पुढं जातो. डॉलर नव्वद रुपये धरा. सव्वाशे डॉलर म्हणजे सव्वाअकरा हजार, तीनशे म्हणजे सत्तावीस हजार. इकडं तुमच्या टेलरची शिलाई साडेसहा हजार. पैलवानी अंगाला पावणेचार मीटर कापड लागेल (बाकीच्यांचं सव्वातीनात भागतं). मीटरला नऊशेचं टेरीवूल घेतलं तरी तीन हजार चारशेच्या आत. म्हणजे सगळे मिळून दहा हजार सुद्धा नाहीत. तिथला सगळ्यात स्वस्त सूट इथल्या बऱ्या सूटच्याच भावात जातो, ताई. "स्वस्त, स्वस्त" म्हणून जे ऐकू येतं ते लंडन-न्यूयॉर्कहून येणाऱ्यांचं. लंडनच्या सॅव्हिल रो गल्लीत मापानं शिवलेला सूट पाच हजार पौंडांच्या पुढं जातो, त्या माणसाला होई आन फुकटच वाटणार. आपण मात्र जिथं पेठेपेठेत टेलर आहे आणि तासाभरावर इचलकरंजीचे माग आहेत, त्या गावातून चाललोय.

ही चोवीस तासांत सूटची टूम तशी जुनी आहे. १९४९ मध्ये चीनमध्ये सत्तापालट झाल्यावर शांघायचे नावाजलेले शिंपी हाँगकाँगला आले. पुढं साठच्या दशकात व्हिएतनाम युद्धावरून रजेवर येणारे अमेरिकन सैनिक तिथं उतरायचे. हातात पगार, रजा मोजक्या दिवसांची. त्यांच्यासाठी रात्रीत सूट शिवणारी दुकानं जोरात चालली. नेथन रोडच्या आसपास आजही फूटपाथवर "सूट, सर?" म्हणत मागं लागणारे भेटतात. तिथल्या आणि बँकॉकच्या सुखुमवितमधल्या बऱ्याच दुकानांचे मालक सिंधी किंवा पंजाबी. आपल्या गांधीनगरशी त्यांचं लांबचं नातं लागतं असं मी गमतीनं म्हणते. दुसऱ्या महायुद्धात वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. ते गेल्यावर फाळणीत आलेले सिंधी तिथं वसले आणि त्याचंच गांधीनगर झालं, कापडाची पेठ. घर सुटलेल्या माणसांनी कापडावर पुन्हा संसार उभा केला, कुणी इथं, कुणी तिथं. असो, भरकटले.

होई आनचं तसं नाही. ते जुनं बंदर, रेशमाच्या व्यापाराचं. थू बोन नदीच्या काठावर पिवळ्या भिंतींची बुटकी घरं, १९९९ पासून जागतिक वारसा यादीत. पर्यटक वाढले तसे टेलर वाढले, आता काही शेकडा दुकानं आहेत. बहुतेक ठिकाणी समोर बसलेली मुलगी माप घेते, फोटो बघते, हसून बोलते. पण कापणारा आणि शिवणारा दुसरीकडं, गावाबाहेरच्या कारखान्यात नाहीतर स्वतःच्या घरी. एकाच कारागिराकडं चार दुकानांची कामं असू शकतात. म्हणजे ज्यानं तुमच्या पैलवानांना पाहिलेलंच नाही, तो त्यांचा कोट बेतणार. त्याच्यापुढं असणार फक्त कागदावरचे आकडे.

आणि पैलवानाचं अंग आकड्यात मावत नाही. वर्षानुवर्षं जोर-बैठका काढलेल्या माणसाचा मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू उंच झालेला असतो, त्यामुळं खांदे उतरते होतात. सरळ खांद्यावर बेतलेला कोट अशा अंगावर घातला की कॉलर मानेमागं नीट बसत नाही आणि मुंढ्याखाली तिरप्या चुण्या उमटतात. ते फक्त कच्च्या शिलाईवर, अंगावर घालून, खडूनं खुणा करतच बसवता येतं. त्यात तिकडची फॅशन अंगाबरोबर बसणाऱ्या कपड्यांची. पँट मांडीत आवळणार आणि रिसेप्शनला खुर्चीत बसताना सीटची शिवण बोलणार.

नीट सूटला निदान तीन खेपा लागतात : माप, कच्ची ट्रायल, पक्की ट्रायल. तुमच्या टूरचा कार्यक्रम काढून बघा. दा नांगच्या दोन रात्रींतली एक संध्याकाळ होई आनला असेल, कंदील बघायला आणि होडीत बसायला. दुसऱ्या दिवशी डोंगरावरचा रोपवे. तिसऱ्या दिवशी सकाळी विमानतळ. ट्रायल कुठं बसवणार? दुकानदार म्हणेल, "काळजी नको, हॉटेलवर पाठवतो, नाहीतर कुरिअरनं घरी." घरी आलेला कोट ट्रायलचा नसतो, निकालाचा असतो. शिवाय कुरिअरचे पैसे आणि कस्टमची ड्युटी वेगळी.

त्यात तुम्ही दिवाळीत चाललाय. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा तिकडं पुराचा काळ. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस होई आनचं जुनं गाव पाण्यात होतं, गल्ल्यांतून होड्या फिरत होत्या. २०१९ ला पंचगंगेचं पाणी बघितलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. दुकानदार कापडाचे गठ्ठे माडीवर चढवेल की तुमची ट्रायल घेईल? (जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत जाणाऱ्या इतर वाचकांसाठी : तेत नावाचं त्यांचं नवं वर्ष त्याच सुमाराला येतं आणि आठवडाभर टेलर गावी जातात. तारखा बघूनच तिकीट काढा.)

मग लिननचं जाकीटच का? कारण त्यात लपवायला जागा नाही. सूटच्या कोटाची छाती ताठ राहावी म्हणून आत एक थर असतो. चांगल्या कामात तो लोकर आणि घोड्याच्या केसांचा कॅनव्हास असतो, टाक्यांनी अडकवलेला. झटपट कामात गोंदाचं बुकरम गरम प्रेसनं कापडाला चिकटवून टाकतात. गोंद सुटला की आमच्या ब्लेझरसारखे फुगे. (खालच्या काजाजवळ पुढचं आणि मागचं कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरून अलगद बाजूला ओढा, मध्ये तिसरा थर मोकळा हाताला लागला तर कॅनव्हास आहे.) खरं बोलायचं तर कोल्हापुरातही बहुतेक कोट चिकटवलेलेच असतात, पण इथं फुगा आला तर कोट घेऊन दारात उभं राहता येतं. बिनअस्तराच्या जाकिटात हा थर जवळजवळ नसतोच. शिवणी उघड्या, पट्टी लावून बंद केलेल्या. आत बघितलं की माया किती ते लगेच दिसतं, आणि तुमच्या टेलरला ते उसवायला अर्धा तास पुरे. लिनन थोडं चुरगळलेलंच शोभतं, त्यामुळं एखादी चुणी राहिली तरी चालून जातं. अशा जाकिटाची नजर तिथल्या टेलरांना आहे, आपल्याकडं अजून ते फारसं कुणी शिवत नाही. परदेशातून आणायचं तर इथं न मिळणारं आणावं.

शिवायचं ठरलं तर दा नांगला उतरल्या उतरल्या, पहिल्याच संध्याकाळी माप द्या. होई आन तिथून तीस किलोमीटर, टॅक्सीनं पाऊण तास. दुसऱ्या दिवशी ग्रुपला रोपवेला जाऊ दे, तुम्ही दुपारी ट्रायल आणि रात्री डिलिव्हरी घ्या. डोंगर चुकला म्हणून वाईट वाटणार असेल तर जाकीट सोडून द्या, दोन्ही होणार नाही. ग्रुपची बस ज्या दुकानापुढं थांबते तिथं मात्र भाव विचारून बाहेर पडा. गाइडचं, हॉटेलवाल्याचं, बँकॉकला तर टुकटुकवाल्याचंही कमिशन त्या भावात धरलेलं असतं. चार दुकानं फिरा आणि भावाआधी दुसऱ्याच कुणाच्या ऑर्डरचं तयार जाकीट मागून उलटं करून बघा. दाखवायला का-कू करणाऱ्याकडं थांबू नका.

जाताना पैलवानांचा सगळ्यात नीट बसणारा एक शर्ट आणि एक पँट बरोबर न्या. पण नुसतं "असंच शिवा" म्हणून देऊ नका. तिकडची मंडळी नक्कल हुबेहूब करतात, कपड्याची खोडसुद्धा उतरवतात. आधी तुमच्या टेलरकडून मापं कागदावर घ्या आणि शेजारी सेंटिमीटर लिहा, कारण तिथली टेप सेंटिमीटरची. छाती १२२, मान ४६. आकड्यात फार फरक पडला तर तिथंच थांबवून पुन्हा मोजायला लावा. आणि एक गोष्ट मी स्वतः पाहिलेली : टेप अंगाला लागली की जुना पैलवान आपोआप छाती काढतो आणि पोट आत घेतो. त्यांना बोलतं करा, कुस्तीचा विषय काढा, श्वास सुटला की मग मोजू द्या.

ट्रायलला आरशासमोर ताठ उभं राहून काही कळत नाही. त्यांना हात वर करून अक्षता टाकल्यासारखं करायला सांगा. जाकीट सगळंच्या सगळं वर उचललं गेलं तर मुंढा खोल आहे. वाकून नमस्कार करायला लावा, पाठ ताणते का बघा. खुर्चीत बसवा, उठवा, आणि उठल्यावर कॉलर मानेला चिकटून आहे का ते मागून तुम्ही बघा, ते काम त्यांचं नाही. दुकानदारानं मागून चिमटी धरली की म्हणा, हात सोड. एवढं एक वाक्य कुठल्याही भाषेत पाठ करून जा.

कापडाच्या नावांना भुलू नका. काठावर "सुपर १५०" छापलेलं असलं तरी छापणं सोपं असतं. आणि खरं असलं तरी तो आकडा धाग्याच्या तलमपणाचा, टिकाऊपणाचा नव्हे. स्वस्तातलं "शुद्ध रेशीम" आणि "शुद्ध कॅशमीर" तर हसून सोडून द्यायचं. कापडाच्या कडेचा एक धागा मागून घ्या आणि बाहेर येऊन काडी लावा. लोकर आणि रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो, राख बोटानं चुरते. सुती आणि लिनन कागदासारखं जळतं. पॉलिस्टर वितळून काळा टणक मणी होतो. धागा द्यायला नकार देणाऱ्यानं उत्तर दिलंच आहे.

बिलावर सगळं लिहून घ्या : कापड कुठलं, ट्रायल किती, माया किती सेंटिमीटर, डिलिव्हरी कधी. कापडाचा तुकडा बिलाला टाचा आणि फोटो काढा. निम्मे पैसे आधी, निम्मे शेवटच्या ट्रायलनंतर. रोख देताना नोटा दोनदा बघा. वीस हजार डाँगची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळसरच. पहिली सत्तर रुपयांच्या आत, दुसरी सतराशेच्या घरात. संध्याकाळच्या कंदिलाच्या उजेडात दोन्ही बहिणी दिसतात.

ब्लाऊजचं थोडक्यात. कटोरी, प्रिन्सेस कट, पाठीचा गळा, पैठणीचा काठ बाहीला नेमका कुठं येणार, हे तिथल्या टेलरला नमुना देऊनही कळणार नाही, कारण त्यानं साडी नेसलेली बाई रोज बघितलेली नाही. एकदा पैठणीचं कापड कातरलं की गेलं. राजारामपुरीत नाहीतर महाद्वार रोडला जिथं शिवता तिथंच शिवा.

मुलीचा कोट : जर्मनीच्या हिवाळ्याला वारा अडवणारं कापड आणि आत ऊब धरणारं अस्तर लागतं. उष्ण गावातल्या टेलरला त्याची गरजच कधी पडलेली नसते. ती तिथं गेल्यावर सेलमध्ये घेईल. आपल्या बॅगेतली तीन किलोची जागा लोणच्याला ठेवा.

आता तुमचा आओ झाय. दक्षिणेकडं त्याला आओ याय म्हणतात. उंच गळ्याचा लांब अंगरखा, कमरेच्या थोडा वरूनच दोन्ही बाजूंनी मोकळा, खाली ढगळ पायजमा. आज दिसतो त्या घाटाची सुरुवात १९३० च्या दशकात हनोईत झाली. हे तिथल्या शिंप्यांच्या हातातलं काम. त्यात त्यांना कुणी शिकवायला नको, आपल्याकडच्या नऊवारी शिवणाऱ्या बाईला शिकवायला नको तसं. दा नांगच्या हान मार्केटमध्ये वरच्या मजल्यावर कापडाचे गाळे आहेत, तिथं दिवसाभरात शिवून देतात. मात्र तिथलं "सिल्क" बहुतेक पॉलिस्टर असतं हे धरूनच भाव करा. खरं रेशीम हवं असेल तर होई आनला बघा आणि काडी बरोबर ठेवा. माप देताना आतले कपडे नेहमी वापरता तेच घाला आणि ज्या चपलेवर घालणार ती पायात असू द्या, कारण लांबी टाचेवरून ठरते. छातीत आणि पोटात तो घट्टच बसतो. तुम्ही बोटभर सैल मागा, ते "ब्युटिफुल, ब्युटिफुल" म्हणत आवळतील. ऐकू नका. एवढं करूनही ज्या दिवशी तांबडा-पांढरा ओरपायचा बेत असेल त्या दिवशी तो घालू नका.

राहिला तुमच्या टेलरचा राग. सत्तावीस वर्षं ज्यांनी एका माणसाची मान पंधरा इंचांवरून अठरावर जाताना टेपवर पाहिली, त्यांना बाहेरून कळलं तर राग येणारच. तुम्ही दोघं जाऊन सांगा. मापांचा कागद मागायचं निमित्त आहेच. तिथं कसलं जाकीट शिवणार ते दाखवा, शिवणीत किती माया मागू ते त्यांनाच विचारा. कारागिराला दुसऱ्याच्या कामाची उत्सुकता असते. माझा अंदाज आहे, तुम्ही परत आल्यावर पैलवानांच्या आधी जाकिटाची आतली बाजू तेच बघतील. आणि त्याच बैठकीत लग्नातल्या सूटचं कापड त्यांच्या हातात ठेवा. पैलवानांना बंद गळ्याचा जोधपुरी फार शोभेल असं मला न बघताही वाटतंय, पण तो निर्णय त्यांचा. मानेची तेवढी काळजी टेलरना घेऊ दे.

हे सगळं घटस्थापनेच्या आधी करा. दसरा उलटला की दिवाळीची कामं सुरू होतात, दुकानाचे दिवे रात्री दोनपर्यंत जळतात, आणि मग सत्तावीस वर्षांचं गिऱ्हाईक असलं तरी वहीत नाव घेणार नाहीत.